पुढची दोन चाकं

टप्प.

मोरीतल्या नळाचा थेंब रिकाम्या बादलीत पडला आणि आम्ही दोघांनी श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही. अख्ख्या शहराला पाणी देणाऱ्या टाकीच्या पायथ्याशी आमचं क्वार्टर, माझा नवरा त्याच पाणीपुरवठ्याच्या पाइपांचा वेल्डर, आणि आमच्याच घरचा नळ गळका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"वायसर बदल की रे," मी कुजबुजले.

"बदलतो." गेले चार महिने तो बदलतोच आहे. त्याच्या हातात ठकीच्या शाळेचा फॉर्म होता. 'विद्यार्थिनी कोणाकडे राहते' या ओळीपुढे ताईंनी, म्हणजे याच्या थोरल्या बहिणीनं, लिहून ठेवलं होतं : आत्याकडे. पण पेन्सिलीनं. ताई समजूतदार. आम्हाला खोडता यावं म्हणून पेन्सिल.

"शाळा सुरू व्हायच्या आत पेनानं लिहून द्यायचंय," तो म्हणाला. "त्या पत्त्यावर शाळेची बस ठरते. एकदा ठरली की चौथीपर्यंत तोच पत्ता."

चौथीपर्यंत. ठकी आता पहिलीत जाणार. मी बोटांवर मोजलं नाही, पण हिशेब झालाच.

"घेऊ या मग?" त्यानंच विचारलं.

"काय?"

"गाडी. फोर व्हील. चारही चाकांना जोर असतो ती."

शब्द त्यानं असा दबकत उच्चारला, जणू कुणा श्रीमंत बाईचं नाव घेतोय. आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी चार चाकांचं काही घेतलेलं नाही. बाळाची ढकलगाडी तेवढी आहे, आणि तिचंही एक चाक निखळलंय.

ठकी आमची मोठी. सहा वर्षांची. शाळेच्या पटावर चांगलं भारदस्त नाव आहे, पण जन्मली तेव्हा डोळे वटारून पाहिलं ती ठकीच. पूर्वी ऑफिसची जीप रोज वर यायची आणि ड्रायव्हरमामा उतरताना तिला शाळेत सोडायचे. मग हुकूम आला, ऑफिसच्या गाडीत मूल दिसता कामा नये. पुढे जीपही आठवड्यातून दोनदाच वर येऊ लागली. मग आम्ही मोटरसायकल काढली. क्वार्टरच्या खाली एक वळण आहे. रात्री शहर झोपतं, पाणी कमी लागतं, पहाटे टाकी भरून वाहते आणि जादा पाणी त्याच वळणावरून उतरतं. सुटे दगड, त्यावर शेवाळ, आणि चढ असा की माणूस हात टेकून चढावा. तिथे एकदा मोटरसायकल आडवी झाली. ठकीच्या हनुवटीला तीन टाके पडले. त्यानंतर मोटरसायकलीचं नाव कुणी काढलं नाही.

"चार दिवस राहू दे माझ्याकडे," ताई म्हणाल्या होत्या. त्या चार दिवसांना वर्ष झालं. मधल्या काळात बाळही झालं.

आम्हीच खाली का जात नाही, असं सगळे विचारतात. पहाटे वॉल्व्ह बंद करायला याला वरच राहावं लागतं; क्वार्टर त्या कामासाठीच मिळालंय. खाली वेगळी खोली घ्यायची तर याचा पगार त्या खोलीलाच जाईल, आम्ही काय हवा खाऊ? आणि ताईंकडे दोन खोल्या, त्यात भावजी रात्रपाळी करून दिवसा झोपतात. ठकी तिथे चवड्यांवर चालायला शिकलीय. रविवारी वर येते तेव्हा स्वतःच्या घरातही तशीच चालते. मी म्हणते, "आपट की पाय, आपलंच घर आहे." ती आपटते. पण आधी माझ्याकडे बघून घेते.

म्हणून गाडी. आणि चालवणार मी, कारण सकाळी याची ड्यूटी असते. लायसन माझ्याकडे आहे. ड्रायव्हरमामांनी त्यांच्या भावाची गाडी आणून टाकीमागच्या मोकळ्या जागेत मला शिकवलं, बाळ पोटात होतं तेव्हा. स्टिअरिंग आणि पोट यांच्यात चार बोटं उरेपर्यंत शिकवलं. मग म्हणाले, "आता पुरे, यापुढे तू नाही, तेच चालवेल."

सुट्टी संपायला पाच आठवडे होते. साठवलेलं सगळं एकत्र केलं आणि आम्ही जुन्या गाड्या बघत फिरू लागलो.

पहिली गाडी एका दलालाच्या आवारात होती. "एकहाती वापर, ताई. डॉक्टरांची गाडी."

आधी फोनवर बोललेल्या दोघाचौघांनीही हेच सांगितलं होतं. "शहरात एवढे डॉक्टर असते तर कुणी आजारीच पडलं नसतं," मी म्हणाले.

दलाल मोकळेपणानं हसला आणि यालाच चावी दिली. गाडी उंचच्या उंच, टायर माझ्या कमरेपर्यंत, टपावर सहा दिवे. नवऱ्याचे डोळे त्या दिव्यांसारखेच झाले.

"अरे, आपल्याला शाळेत जायचंय. लढाईवर नाही."

"उंच आहे म्हणून दगड लागणार नाहीत खालून."

"आणि ठकी चढणार कशी? शिडी घेऊन?"

मला काय हवं ते मला नेमकं माहीत होतं. ठकीला स्वतःच्या पायानं चढता यावं, बाळाची खुर्ची मागे घट्ट बसावी, वळणावर मागेपुढे न करता एका दमात वळावी, आणि ब्रेक-क्लच बिघडला तर सामान शहरातल्या कुठल्याही दुकानात मिळावं. रंग कुठलाही चालेल. रेडिओ नसला तर बरंच, मी गाईन.

दुसरी गाडी तशीच होती. बुटकी, आटोपशीर, आतून नुकतीच धुतलेली. मी मागे बसले आणि सवयीनं सीटची शिवण बघू लागले. घरी बसून मी कपडे शिवते. शिवण दिसली की हात जातोच. कव्हर नवं होतं. नवं का, म्हणून मी सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, शेवटचं टोक येईपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी.

"ही गाडी पाण्यात बुडलेली आहे."

दलालाचा चेहरा पडला. "ताई, तुम्ही पोलिसात आहात का?"

"नाही, शिलाईत."

परतीच्या वाटेवर नवरा तीनदा हसला. "शिलाईत, म्हणे." त्या दिवशी आम्हाला वाटलं, आपल्याला कोण फसवणार? मला कापड कळतं, याला लोखंड. गाडीत तिसरं असतं तरी काय?

तिसरी गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. जुनी, करड्या रंगाची, डब्यासारखी चौकोनी. मास्तरांनी दुसऱ्याकडून घेतलेली आणि दहा वर्षं भाजी, वाचनालय आणि दातांचा दवाखाना एवढ्याच ठिकाणी नेलेली. आता ते मुलाकडे कायमचे निघाले होते. त्यांच्या बाई गाडीजवळ उभ्या राहून बोनेटवरून असा हात फिरवत होत्या की मला माझ्याच हाताची आठवण झाली. रविवारी संध्याकाळी ठकीला परत सोडताना माझा हात तिच्या केसांवर असाच राहतो.

मी आत बसले. कव्हर जुनं, पण शिवण जिथे उसवली तिथे कुणीतरी हातानं बारीक टीप घातलेली. बेल्ट टोकापर्यंत स्वच्छ. बाळाची खुर्ची आम्ही बरोबरच नेली होती, ती खट्कन बसली. मला तिथेच रडू येत होतं, इतकी ती गाडी माझ्या मनातल्यासारखी.

नवरा टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटला आणि अर्धा तास तिथेच. फक्त चपला दिसत होत्या. मास्तर वाकून विचारायचे, "सापडलं का काही?"

"नाही ना! तेच तर!" आतून आवाज. "चेसीला कुठे ठिगळ नाही. गंज नाही. आणि अगं, इकडे ये, हे बघ."

मी वाकले. इंजिनाच्या मागे गिअरचे दोन डबे होते. त्यातल्या मागच्या डब्याच्या अंगाला एक गोल चकती होती, बशीएवढी, कडेनं वेल्ड केलेली आणि वर रंग दिलेला. टॉर्चच्या उजेडात ती वेल्डिंगची कड एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी दिसत होती.

"बिडावर वेल्ड आहे हे," तो म्हणाला. आवाजात एखाद्या देवळात बोलतात तशी कुजबुज. "बीड तडकतं गं. तापवून, हळूहळू, तासन् तास बसून करावं लागतं. आमच्या खात्यात कुणाला जमत नाही. मला दहातलं एकदा जमतं. कुणी केलंय काय माहीत, पण ज्याच्याकडे ही गाडी होती ना, त्यानं जीव लावलाय."

"काय आहे ती चकती?"

"गळती थांबवली असेल. पक्की थांबवलीय."

मग मास्तरांनी आम्हाला फोर व्हीलचा दांडा दाखवला. गिअरच्या बाजूला छोटा दांडा. तो मागे ओढला की समोर हिरवा दिवा लागला. "सुक्या डांबरी रस्त्यावर मात्र हे लावून फिरायचं नाही हं," मास्तर म्हणाले, "आतली दातेरी चाकं खराब होतात. मला विकणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं." हे खरंच आहे, असं ड्रायव्हरमामांनीही नंतर सांगितलं. मास्तरांच्या गल्लीत सगळंच डांबर. म्हणून आम्ही दिवा पाहिला, दांडा पाहिला, आणि लावून फिरवली नाही.

मास्तरांच्या बाईंनी चावी माझ्या हातात दिली. याच्या नाही, माझ्या. "सांभाळा," म्हणाल्या.

त्याच रविवारी आम्ही ठकीला आणायला गेलो. ताईंनी तिचे कपडे घडी घालून दिले, दोन पिशव्या. तिसरी पिशवी त्यांनी दाराआड ठेवली होती, ठकी म्हणाली, "आत्या, ती पण." ताई म्हणाल्या, "राहू दे गं, हिवाळ्याचे आहेत, नंतर नेशील." आणि घाईघाईनं आत गेल्या, दूध उतू जातंय म्हणत. गॅस बंद होता, मला दिसत होतं.

ठकी स्वतःच्या पायानं गाडीत चढली. बाळाशेजारी बसली आणि त्याला सांगू लागली, "हे बघ, ही आपली. याच्यातून मी रोज येणार. तू रोज मला सोडायला यायचं. रडायचं नाही. मी पण नाही रडत." बाळ तिच्या फ्रॉकचा गळा चघळत होतं.

शहरात गाडी लोण्यासारखी चालली. डांबर संपलं, खडी लागली, तरी छान. वळणाच्या अलीकडे मी थांबले, दांडा ओढला. हिरवा दिवा लागला. लहान गिअर टाकला, इंजिनाचा आवाज भरदार झाला.

"हळू, न थांबता," नवरा म्हणाला.

मी न थांबता घेतली. अर्ध्या चढापर्यंत आलो. मग मागची चाकं शेवाळावर गरगर फिरू लागली, दगड उडून खालून पत्र्यावर वाजले, आणि गाडी थांबली. थांबली आणि मग, हळूच, मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली तरी गाडी सरकतच होती. डाव्या बाजूला खोल चर. नवरा ओरडला नाही. त्याचा हात नुसता हँडब्रेकवर आला, माझ्या हातावर. वळणाच्या तळाशी दगडाला टेकून गाडी थांबली.

मी वळून पाहिलं. ठकीनं दोन्ही हातांनी बाळाची खुर्ची धरली होती आणि हनुवटी छातीत खुपसली होती.

आणखी चार वेळा प्रयत्न केला. मग उरलेला चढ आम्ही पायी चढलो. एकेक पिशवी, एकेक मूल.

दुसऱ्या दिवशी ठकीला सोबत न घेता. तिसऱ्या दिवशी मागे दगड भरून. रोज कधी निम्मा चढ, कधी पाऊण. "सवय होईल," नवरा म्हणायचा. एकदाही त्यानं 'तुला येत नाही' म्हटलं नाही. पण मी म्हणत होते. भांडी घासताना, बाळाला पाजताना, शिवणयंत्रावर पाय मारताना. इतकी चांगली गाडी मिळाली आणि मला ती चढवता येत नाही. चार चाकं ओढताहेत आणि मी एकटी मागे खेचतेय. ठकी खिडकीतून बघायची आणि मी परत आले की म्हणायची, "आज जास्त वर आलीस, आई. कालच्यापेक्षा दोन दगड." मला उत्तेजन देत होती, सहा वर्षांची.

बुधवारी ऑफिसची जीप आली. ड्रायव्हरमामा उतरले, गाडीभोवती फिरले, म्हणाले, "हे काय ऐकतोय मी? माझी विद्यार्थिनी नापास? चल, बस. मी खालून बघतो."

मी चढवली. निम्म्यावर चाकं गरगरली. मामांनी हात वर केला, थांब अशी खूण केली. मग म्हणाले, "परत कर. जरा रेटून कर." परत केली. ते रस्त्यावर उकिडवे बसून बघत होते. बराच वेळ उठलेच नाहीत.

"मामा, मला जमत नाहीये ना?"

"तुला काय झालंय?" ते उठले. गुडघे झटकले. माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "पुढची चाकं फिरतच नाहीत, वेल्डर. मागची बिचारी मरमर मरताहेत आणि पुढची दोघं नुसती गंमत बघताहेत."

पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. माझी चूक नाही! तीन दिवस छातीवर असलेला धोंडा उतरला. नवऱ्याकडे पाहिलं तर तो तसाच उभा होता, पांढराफटक.

खालच्या मिस्त्रीनं गाडी वर उचलली. आम्ही दोघं खाली उभे. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या चकतीवर टेकवलं.

"इथून एक शाफ्ट निघतो, लांबलचक नळीसारखा, पुढच्या चाकांपर्यंत जातो. तो नाहीये. कुणीतरी काढून टाकलाय, पेट्रोल वाचवायला. पुष्कळ जण करतात. पण भोक असं कुणी बुजवत नाही. काय काम केलंय! नजर लागावी."

नवरा चकतीखालून बाजूला झाला.

"पण दिवा लागतो की," मी म्हणाले.

"दिवा दांड्याचा आहे, ताई. दांडा हलला की लागतो. चाकांचं त्याला काय माहीत?"

"मग दुसरा शाफ्ट टाका."

मिस्त्रीनं मान हलवली. "टाकायचा कुठे? हे भोक उघडायचं तर वेल्ड कापावं लागेल, आणि कापलं की बीड तडकणार. म्हणजे अख्खा डबा बदलायला हवा. या गाडीचं बाकी सगळं मिळतं, ब्रेक म्हणा, क्लच म्हणा. हाच डबा मिळत नाही. बनायचा बंद होऊन जमाना झाला." तरी त्यानं माझ्यासमोर भंगारवाल्यांना फोन लावले. एकाकडे अशी गाडी होती, तिचाही डबा गेलेला. एक म्हणाला, आठ-दहा महिन्यांत एखादी येते, आली तर कळवतो. एक नुसता हसला.

"कापणारा मी असलो तर?" नवऱ्यानं विचारलं. "तापवून, हळूहळू?"

"तूच सांग," मिस्त्री म्हणाला. "वेल्डर तू आहेस."

तो चकतीखाली पुन्हा उभा राहिला. बोटानं ती खवल्यांची कड चाचपली, अगदी सगळीकडून. मग म्हणाला, "नाही."

मास्तरांना फोन केला. मी चिडूनच केला होता. चार शब्द सुनवायचे ठरवून. त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, "अहो, पण मी दर महिन्याला एकदा दांडा ओढायचो. एक तारखेला. गंजू नये म्हणून. हिरवा दिवा लागायचा की!" मागून बाईंचा आवाज, "काय झालं हो? गाडी बरी आहे ना?" मास्तर फोनवरच त्यांना म्हणाले, "बरी आहे, बरी आहे." मग मला हळूच, "बाई, मला कधी गरजच पडली नाही हो." चार शब्द तसेच राहिले. कुणाला सुनावणार?

घरी आल्यावर नवरा पायरीवर बसला. मी चहा दिला, तो निवला. मी शेजारी बसले.

"जे जोडलंय ते सगळं बघितलं मी," तो म्हणाला. "एकेक जोड. काय नाहीये तिकडे बघितलंच नाही. दुसरा कुणीही असता ना, साधा ड्रायव्हर, क्लार्क, कुणीही, तर त्यानं विचारलं असतं, ही चकती कशाला? मी तिच्यावर भाळलो."

"मी पण बेल्ट ओढत बसले."

"तू बरोबर होतीस."

"बरोबर असून काय उपयोग झाला?"

तो थोडा हसला. मग ठकी बाहेर आली, दोघांच्या मध्ये बसली.

गाडी वळणाखाली ठेवून रोज पायी चढायचं तर ड्यूटीमुळे हा बरोबर नाही, कडेवर बाळ, हाताला ठकी, मग त्या शेवाळावर मी टेकणार कुठला हात? गाडी विकायला काढली. सगळं खरं सांगून विकायची, असं आमचं ठरलं. खरं ऐकलं की माणूस चहाही न घेता जायचा. एकानं घ्यायची तयारी दाखवली, भंगाराच्या भावानं. त्यात दुसरी येणार नाही. शाळा सुरू व्हायला दहा दिवस राहिले, मग सहा. नवऱ्यानं वळणावर चर खणून जादा पाणी वळवायचा घाट घातला. चार दिवस ड्यूटीनंतर खणत होता. साहेब आले, म्हणाले, पाणी पाइपलाइनच्या पायात मुरेल, बुजवा. त्यानं स्वतःच खणलेला चर स्वतःच बुजवला. मी फावडं धुऊन ठेवलं.

शेवटचा रविवार. वळण पायी उतरलो आणि खाली ठेवलेल्या गाडीत बसलो. खडी, मग डांबर, आणि गाडी पुन्हा लोण्यासारखी. ठकी पुढे बघत बसली होती. दोन पिशव्या पायांशी. तिनं स्वतःच भरल्या होत्या, मी भरू लागले तेव्हा म्हणाली, "मला माहितीय कुठे काय जातं."

ताईंनी दार उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही, सगळं फोनवर कळलं होतं. ठकीच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्यामुळे नाही ना गं वाटत तुला?" एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांच्यामुळे वाटलं असतं तर सोपं होतं. भांडता आलं असतं.

भावजी आत झोपले होते. आम्ही सगळे कुजबुजत बोलत होतो. नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरला. ताईंनी पेन दिलं आणि खोडरबरही शेजारी ठेवलं, मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून खिशात टाकलं. तो लिहू लागला. त्याचं अक्षर मोठं, खणखणीत. पाइपांवर नंबर टाकायची सवय. पेन्सिलीच्या अक्षरांवरून त्यानं तस्सं गिरवलं. आत्याकडे. मग सही. मग पेन माझ्याकडे सरकवलं, दुसऱ्या सहीसाठी. बाळ मांडीवर होतं, त्यानं पेनाला झडप घातली, म्हणून मी त्याची मूठ सोडवत बसले. कितीही वेळ बसले असते.

ठकी चवड्यांवर आत गेली होती. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, तोही दबका. तिनं तिचे कपडे लावले असावेत, कारण परत आली तेव्हा दोन्ही पिशव्या रिकाम्या, चौकोनी घडी घालून तिच्या हातात होत्या. त्या तिनं माझ्याकडे दिल्या.

"वरचा खण माझा आहे," ती कुजबुजली. "खालचा रिकामा आहे. मी त्यात काही नाही ठेवलं."

"का गं? तुझे हिवाळ्याचे ठेव की."

ती बाळाकडे बघत होती. त्याची मूठ तिनं अलगद उघडली, एकेक बोट, आणि पेन काढून माझ्या हातात दिलं. मग माझ्या कानाशी आली. चिडलेली नव्हती, रडवेली नव्हती. घरातली एखादी गोष्ट नीट ठरवून घ्यावी तसं तिनं विचारलं,

"आई, बाळाची शाळा सुरू झाली की तुम्ही त्यालाही इथे ठेवणार, की त्याला ठेवून घेणार?"